मान वर ठेवून खेळणारा मुलगा

एका हिवाळ्यात आमच्या दोन्ही गाड्या बाहेर बर्फात उभ्या असायच्या, कारण गराज एका रशियन मुलाचं झालं होतं. झोपायचा तो वर, आमच्या लेकीच्या खोलीत. पण शाळेचा ऑनलाइन अभ्यास आणि प्रॅक्टिस सोडून उरलेला सगळा वेळ गराजमध्ये. तिथल्या सिमेंटच्या जमिनीवर तो हॉकी स्टिकनं गोल्फचा बॉल इकडून तिकडे फिरवत राहायचा. तो टकटक आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि पहिल्या आठवड्यानंतर मला तो ऐकू येईनासाही झाला.

लेक कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली होती. शाळेत असताना ती मुलींच्या टीममधून आइस हॉकी खेळायची, त्यामुळे बॉस्टनकडच्या श्रूजबरी गावाजवळच्या रिंकवर, म्हणजे हॉकीच्या बर्फाच्या मैदानावर, थंडीत कुडकुडत बसण्यात आमची बरीच वर्षं गेली होती. तिथल्याच एका कोचनं नवऱ्याला विचारलं. ज्युनियर लीगच्या टीममध्ये बाहेरून एक मुलगा येतोय, त्याला सीझनपुरतं घर हवंय. अशा घराला इथे बिलेट फॅमिली म्हणतात. मुलगा सतरा वर्षांचा, उरल पर्वताकडच्या कुठल्याशा कारखान्यांच्या गावातला.

"रोज मटण-चिकन मला नाही जमणार," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, मुलगा येतोय, वाघ नाही," तो म्हणाला. त्याचं आधीच ठरलं होतं. पुण्यात असताना क्रिकेटशिवाय काही न बघणारा हा माणूस लेकीमुळे हॉकीवेडा झाला होता.

मुलगा आला तो स्वतःच्या उंचीएवढी बॅग ओढत. दारात बूट काढून, ते नीट भिंतीला लावून आत आला. कुणी सांगितलं नव्हतं. मला तो तिथेच आवडला. इंग्रजी त्याचं मोडकंतोडकं, जेमतेम कामापुरतं. शेजारची मराठी मुलं मला काकू म्हणतात हे ऐकून तोही काकू म्हणायला लागला. बहुधा त्याला ते माझं नाव वाटलं असावं. थालीपिठावर तो लोण्याऐवजी सावर क्रीम थापायचा आणि अशी चार-पाच उडवायचा. त्याची आजी असंच काहीतरी करायची, एवढंच त्यानं त्याबद्दल सांगितलं.

त्याचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वेगळं काही दिसलंच नाही. बाकीची पोरं धडाधड आपटत होती, ओरडत होती. हा मात्र नुसता तरंगल्यासारखा फिरत होता.

"त्याची मान बघ," नवरा माझ्या कानाशी म्हणाला. "बघ, खाली बघतच नाही तो."

मग दिसलं. बाकीच्या मुलांना पक, म्हणजे हॉकीतली ती चपटी रबरी चकती, कुठे आहे ते बघायला अधूनमधून खाली बघावं लागत होतं. याला लागत नव्हतं. पक त्याच्या स्टिकला जणू चिकटलेला, आणि डोळे वर, सगळ्या रिंकवर. त्याच्या टीममधला एक मुलगा रिकाम्या जागेत पोचायच्या आधीच पास तिथे जाऊन थांबलेला असायचा, आणि तो मुलगाच दचकायचा. वेगात येऊन एका पायाच्या कडेवर तो असा वळायचा की अंगावर आलेला खेळाडू थेट भिंतीवर जाऊन आदळायचा. गराजमधल्या टकटकीचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, वरच्या रांगांत स्काउट, म्हणजे मोठ्या क्लबांसाठी खेळाडू हेरणारी माणसं, दिसायला लागले. हातात कॉफी, मांडीवर लॅपटॉप, एकमेकांशी न बोलणारी माणसं. त्यांतल्या एकाशी नवऱ्यानं ओळख काढली. तो म्हणाला, असे हात आणि असे डोळे कुणाला शिकवता येत नाहीत. अंगानं बारीक आहे, भिंतीजवळच्या झटापटीत कमी पडतो, पण वजन वाढवता येतं. रशियाचा आहे म्हणून काही क्लब बिचकतील, तिकडून पुढे काय होईल याचा भरवसा कुणी देत नाही. तरीही उन्हाळ्यातल्या ड्राफ्टमध्ये, जिथे मोठ्या लीगचे क्लब अठरा वर्षांची पोरं आळीपाळीनं निवडतात, तिथे याचं नाव लवकर येईल.

"दुसऱ्या राउंडच्या आतच उचलतात बघ याला," गाडीत नवरा स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला. मागच्या सीटवर मुलगा प्रोटीन बार खात बसला होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो हसला.

जानेवारीत, घरच्याच रिंकवरच्या मॅचमध्ये, तो कोपऱ्यातला पक घ्यायला भिंतीकडे तोंड करून गेला, आणि मागून दुसऱ्या टीमच्या एका धिप्पाड मुलानं त्याला ढकललं. काचेवर कपाळ आपटल्याचा आवाज आम्ही बसलो होतो तिथपर्यंत आला. तो उठला, पण आपल्या बेंचऐवजी त्यांच्या बेंचकडे चालायला लागला.

मेंदूला धक्का बसला होता. अंधारी खोली, फोन बंद, टीव्ही बंद. मी दाराशी ताट ठेवायचे आणि तो ते रिकामं करून परत ठेवायचा. काही आठवड्यांनी टीमच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरनं चाचण्या घेऊन त्याला परत खेळायची परवानगी दिली. परतल्यावरच्या पहिल्याच मॅचमध्ये त्यानं दोन गोल केले. नवरा घसा बसेपर्यंत ओरडला.

पण मग एका प्रॅक्टिसमध्ये त्याच्याच टीममधल्या कुणाचा तरी खांदा त्याच्या जबड्याला लागला. धक्का किरकोळच. तो कुणाला काही बोलला नाही. हे मला खूप नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की जिना उतरताना तो कठडा धरतो. नाश्त्याला गॉगल घालून बसतो. बाथरूममध्ये नळ सोडतो, आणि नळाच्या आवाजाखाली उलटीचा आवाज येतो. एका संध्याकाळी मी गराजमध्ये कपडे आणायला गेले. त्याच्या स्टिकवरून बॉल सुटला, घरंगळत ड्रायरखाली गेला. तो बॉल कुठे गेला ते शोधत होता, भलत्याच बाजूला.

रविवारी सकाळी तो त्याच्या आईशी व्हिडिओवर बोलायचा. ती मला दोन शब्द बोलायला नेहमी बोलवायची, आणि तो मध्ये बसून भाषांतर करायचा. त्या रविवारी मी म्हटलं, "आईला सांग, तुझं डोकं दुखतंय. तुला उलट्या होतात. मला काळजी वाटते."

तो रशियनमध्ये काहीतरी बोलला. आई खळखळून हसली, छातीवर हात ठेवून मला काहीतरी म्हणाली. आभारच असावेत.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, काकू म्हणतात मी फार खातो."

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यानं गॉगल काढला. डोळे लाल होते.

"काकू, प्लीज," तो म्हणाला. "थोड्या मॅच राहिल्या. स्काउट येतात. मग मी झोपतो. सगळा उन्हाळा झोपतो."

मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. 

"ट्रेनरला कळवलंस तर त्याचा सीझन संपला," तो म्हणाला. "आणि सीझन संपला तर ड्राफ्टही संपला समज."

"आणि नाही कळवलं तर?"

तो उठला, जॅकेट घालून बाहेर गेला आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत बसला. मी ट्रेनरला फोन केला.

मुलगा माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसहून लवकर परत आला, बूट नीट भिंतीला लावले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही माझी आई नाही." त्यानंतर त्यानं मला कधीही काकू म्हटलं नाही. मॅम म्हणायला लागला. ताट टेबलावरच वाढलेलं असायचं. तो ते वर घेऊन जायचा.

वुस्टर शहरातल्या एका डॉक्टर बाईंकडे मीच त्याला घेऊन गेले. त्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं. "फक्त डोळ्यांनी बघ, मान हलवू नकोस." बोट उजवीकडे पोचायचं, आणि त्याचे डोळे मागून, अडखळत, उड्या मारत पोचायचे. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मी त्या खोलीत खुर्चीवर बसून ते बघत होते, आणि मला त्या बाईंनी पुढे काही बोलूच नये असं वाटत होतं. त्या बोलल्या. पहिली इजा पुरती भरली नव्हती, त्यावर दुसरा मार बसला. रोजचं आयुष्य हळूहळू सुधारेल. पण अंगावर धक्के घ्यायचा खेळ आता नाही. यापुढचा एखादा धक्का फार महागात पडेल.

"केव्हापर्यंत नाही?" त्यानं विचारलं.

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. हे इंग्रजी त्याला समजलं.

क्लबांशी बोलणी करणाऱ्या त्याच्या एजंटनं मात्र आशा सोडली नव्हती. एखादा क्लब शेवटच्या राउंडमध्ये जुगार खेळेल, म्हणाला. म्हणून मुलगा जूनपर्यंत आमच्याकडेच थांबला. ड्राफ्टच्या दिवशी त्यानं पांढरा शर्ट इस्त्री केला. आम्ही तिघं सोफ्यावर. टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेल्या त्याच्या फोनमध्ये त्याची आई. तिकडे बराच उशीर झाला होता, पण तीही केस विंचरून, कानात डूल घालून बसली होती. टीव्हीचा उजेड त्याला सहन होत नव्हता, म्हणून नवऱ्यानं ब्राइटनेस अगदी कमी केला. त्या अंधुक पडद्यावर नावं सरकत राहिली. त्या सीझनमध्ये त्याच्याविरुद्ध खेळलेल्या तिघा मुलांची नावं आली. त्याला मागून ढकलणाऱ्या मुलाचंही आलं. प्रत्येक नावाला तो ते नाव पुटपुटायचा. शेवटी जाहिरात लागली आणि मग दुसराच कार्यक्रम सुरू झाला.

आई अजून हसतच बघत होती. तिला कळलं नव्हतं की संपलं. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. तिचं हसू लगेच गेलं नाही, आधी डोळे बदलले. नवरा उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

खेळ नाही म्हटल्यावर त्याला इथे राहायचं कारणही उरलं नव्हतं. आमच्यासारख्या व्हिसावर दिवस काढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बॉस्टनच्या विमानतळावर त्यानं नवऱ्याला मिठी मारली. निरोप द्यायला फोनवर आलेल्या आमच्या लेकीला नीट बाय म्हटलं. माझ्यासमोर आला, हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला. "थँक यू, मॅम," तो म्हणाला आणि हात सोडवून घेतला. सिक्युरिटीच्या रांगेत शिरल्यावर एकदा मागे बघेल असं वाटलं होतं. नाही बघितलं.

तो मला काही लिहीत नाही. त्याची आई लिहिते, फोनमधल्या भाषांतराच्या मदतीनं, आणि जे मोडकं इंग्रजी येतं त्यातून मला अर्थ जुळवून घ्यावा लागतो. ट्रेनरला मी फोन केला होता हे तिला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी माझे आभार असतात. ते वाचून मी फोन पालथा ठेवते. ट्रेनरला तोच फोन मी आजही करेन, याबद्दल मला शंका नाही. पण बरोबर केलं असं मनाशी म्हटल्यावर जे हलकं वाटायला हवं, ते आजवर एकदाही वाटलेलं नाही.

गेल्या शरद ऋतूत कोचनं पुन्हा विचारलं, या वेळी कॅनडातला एक मुलगा होता. नवऱ्यानं मला न विचारताच नाही सांगितलं. तो हॉकी आता बघतही नाही.

मुलगा त्याच्या मामाच्या टायरच्या दुकानात काम करतो. नट सोडवायच्या मशीनचा आवाज सोसत नाही, म्हणून कधी दुपारीच घरी येतो. परवा आईनं लिहिलं की गावातल्या क्लबनं त्याला छोट्या मुलांना शिकवायला बोलावलं होतं, फक्त स्केटिंग, धक्काबुक्की नाही. ती खूश होती. तो गेला, आणि थोड्याच वेळात परत आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, बर्फ फार पांढरा आहे, बघवत नाही.