तीर्थाबरोबर घेतलेली गोळी

आजपर्यंत कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. माझ्या बायकोच्या थायरॉईडच्या गोळीचा डोस मी चार महिने तिच्या नकळत वाढवला होता. एवढं आता दोघींना ठाऊक आहे, तिला आणि तिच्या डॉक्टरीणबाईंना. पण ते मी का केलं, हे कुणालाच ठाऊक नाही. काळजीपोटी केलं असं त्या दोघी समजतात, आणि मी त्यांना तसं समजू दिलं. खरं म्हणजे ते मी माझ्या नवसाची लाज राखायला केलं.

आमचं घर वसईजवळ उमेळ्यात. वाडी म्हणावी एवढी जागा आता उरलेली नाही. केळीच्या दोन रांगा आहेत, सोनचाफ्याचं एक झाड आहे आणि दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली. सुनंदा, माझी बायको, कधी कुरकुर करणारी नव्हे. त्यामुळे ती भर उन्हाळ्यात शाल घेऊन बसू लागली, चेहरा सुजला, जिना चढताना मध्येच थांबू लागली, तरी ते माझ्या लक्षात यायला उशीरच झाला. रक्त तपासलं तर थायरॉईड. वसईतल्या एका डॉक्टरीणबाईंनी पंचाहत्तरची गोळी लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, नंतर पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही.

आमच्या देव्हाऱ्यात आजोबांच्या वेळची महादेवाची पिंडी आहे. त्याच आठवड्यात मी बोललो, की सुनंदाच्या रक्तातला थायरॉईडचा आकडा जागेवर येईपर्यंत रोज पहाटे दुधाचा अभिषेक करीन आणि तिची गोळी त्याच तीर्थाबरोबर माझ्या हाताने देईन. हे मी देवासमोर बोललो असतो तर ठीक होतं. मी ते सोमवारच्या भजनाला, मंडळींच्या देखत बोललो. मग रोज अंघोळ, अभिषेक, आणि अभिषेकाच्या दुधाची छोटी वाटी भरून तिच्या ओंजळीत. ती डोळे मिटून गोळी घ्यायची. मी काय देतोय, हे तिने एकदाही पाहिलं नाही.

दीड-दीड महिन्याने तपासणी व्हायची आणि आकडा काही हलायचा नाही. मी म्हणायचो, डोस वाढवा. बाई तयार होत नसत. पन्नाशी ओलांडलेली, हळू बोलणारी बाई. पण एकदा नाही म्हटलं की नाही.

"एवढ्या शरीराच्या बाईला एवढी गोळी पुरायला हवी," त्या म्हणायच्या. "पुरत नाही, तर का पुरत नाही ते आधी कळू दे. उपाशीपोटीच देताय ना?"

"एकदम उपाशीपोटी, मॅडम."

यात मी खोटं बोलत नव्हतो. आमच्याकडे तीर्थ घेतल्याने उपास मोडत नाही. तीर्थ म्हणजे काही खाणं नव्हे, हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं, की वाटीत दूध असतं ही गोष्ट माझ्या जिभेवर येणंच शक्य नव्हतं.

इकडे भजनाला दर सोमवारी विचारणा व्हायची. "काय हो, वहिनींचं काय म्हणतोय महादेव?" कुणी खवचटपणे विचारत नव्हतं, पण मला ते टोचायचं. मी ठरवलं, बाई घाबरट आहेत. नालासोपाऱ्याला मला कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या एका मेडिकलमधून शंभरची बाटली आणली आणि गोळ्या घरच्या जुन्या बाटलीत ओतल्या. शंभरनेही आकडा हलला नाही, तेव्हा सव्वाशेच्या आणल्या. गोळी तेवढीच, पांढरीच. पहिल्या दिवशी ती सुनंदाच्या हातावर ठेवताना मी मोठ्याने मंत्र म्हटला. नेहमी मनात म्हणतो.

पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. मंडळात मला नारळ देऊन मान दिला आणि मी तो घेतला. डॉक्टरीणबाईंनी मात्र रिपोर्ट दोनदा वाचला.

"मी तर काहीच बदललं नाही. मग हा खाली कसा आला?"

"देवाची कृपा, मॅडम."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असेल," म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर पुन्हा पंचाहत्तरच लिहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी भावकीतले माझे चुलत काका गेले. सुतक लागलं, देव बंद झाले. अभिषेक नाही, तीर्थ नाही. व्रत खंडित झालं म्हणून मी हळहळलो, आणि सुनंदाला गोळी साध्या पाण्याबरोबर देऊ लागलो. आठवडाभरात तिचे हात थरथरू लागले. बसल्या बसल्या घाम फुटायचा. बायका म्हणाल्या, काकांचा लळा होता, मनाला लागलंय. दहाव्याच्या दिवशी तिच्या हातून भाताचं पातेलं पडलं. तिने माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. "अहो, बघा ना, किती जोरात पळतंय." माझ्या तळहाताखाली ते कसं धडधडत होतं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. सव्वाशेची बाटली माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पण चार महिने वाढवलेल्या गोळीने काही झालं नव्हतं, मग आत्ताच का, हे कळत नव्हतं.

दवाखान्यात नर्सने तिला लगेच आत नेऊन हृदयाचा आलेख काढायला घेतला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडे होत्या. मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी पाचूबंदरची एक कोळीण होती, गळ्यात क्रूस, पायाशी रिकामी टोपली. माझ्याकडे बघत होती.

"काय रे भाऊ, आजारी बायको का तू? घामानं निथळतोस."

मी सांगितलं, थायरॉईडची गोळी चालू आहे, छाती धडधडतेय.

"माजी पन तीच गोळी. मी चायसंगती घ्यायची. या बाईनं मला असं झापलं, असं झापलं, की माजा नवरा पन तसा कधी बोलला नाय. नुसतं पानी, म्हनली. चाय नाय, दूध नाय. दुधानं गोळी अंगाला लागतच नाय."

"आम्ही उपाशीपोटीच देतो," मी म्हणालो. "फक्त तीर्थ असतं."

"तीर्थात काय असतं?"

"अभिषेकाचं दूध."

ती तोंडावर पदर घेऊन हसली. "म्हंजी दूधच ना रे! देवाला व्हायलं म्हनून त्याचं पानी होतं काय?"

मी एवढा शिकलेला माणूस, आणि मला ते त्या क्षणी कळलं. इतके महिने दूध गोळी अडवत होतं, म्हणून पंचाहत्तर पुरेना. दहा दिवसांपूर्वी दूध थांबलं आणि माझी चोरून वाढवलेली गोळी पुरीच्या पुरी तिच्या अंगात उतरू लागली. मी काय पुटपुटलो असेन कोण जाणे, पण माझ्या हातून काहीतरी झालंय, हे त्या बाईने ओळखलं.

"आमी चुकलं की फादरला सांगतो," ती म्हणाली. "तो जाळीआड असतो, त्याचं तोंड दिसत नाय, म्हनून सांगायला बरं. तुला तोंडावर सांगावं लागंल. ऊठ. पुढचा नंबर माजा हाय, तू जा. माजं दुखनं सकाळपासून थांबलंय, आनखी थोडं थांबंल."

मी आत गेलो. सुनंदाही तिथेच पडून होती. तिच्यासमोर मी सगळं सांगितलं: दुधाची वाटी, शंभर, सव्वाशे, नालासोपारा. डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी आधी आलेख पाहिला, धोका टळलेला आहे असं सांगितलं, गोळी काही दिवस पूर्ण बंद केली. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझंही चुकलं. मी दर वेळी विचारलं, उपाशीपोटी ना? कशाबरोबर घेता, हे मी विचारायला हवं होतं. मासळीवाल्या बाईला विचारलं, तुम्हाला विचारलं नाही. सुशिक्षित दिसलात म्हणून."

गेल्या वीस वर्षांत मी कुठल्याही मोठ्या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकलं नव्हतं. ज्या बाईंना मी घाबरट म्हणत होतो, त्या माझ्या आग्रहापुढे, माझ्या चिडण्यापुढे इतके महिने एकट्या ठाम उभ्या होत्या. त्या हट्टाला मी मनोमन नमस्कार केला. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा गोळी सुरू केली, ती पंचाहत्तरचीच. साध्या पाण्याबरोबर तीच पुरली. पहिल्या दिवसापासून त्यांचंच बरोबर होतं.

मला चमत्कार सांगायचा नाही. काका वय होऊन गेले, सुतक रीतीप्रमाणे लागलं, कोळीण तिच्या औषधाला आली होती. पण ज्या दुधावर मी अडून बसलो होतो, ते देवाने दहा दिवस स्वतःच बंद ठेवलं, असं मला वाटतं, आणि ते वाटणं मी पुसत नाही. ती बाई पुढे मला बाजारात दिसली. मी आभार मानायला गेलो. तिने मला ओळखलंच नाही. "घेतोस का बोंबील, नायतर बाजूला हो, गिऱ्हाईक उभं हाय." मी बोंबील घेतले. सुनंदाने त्या दिवशी पोटभर जेवण केलं, चेहऱ्यावरची सूज उतरलेली, हात स्थिर.

अभिषेक मी अजून करतो, पण पाण्याचा. त्याबदल्यात काही मागत नाही. पूर्वी मी देवाला दूध वाहत होतो, मान मात्र स्वतःकडे ठेवत होतो, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली. सकाळी गोळी सुनंदा स्वतःच्या हाताने घेते, बाटलीवरचं नाव वाचून. ते मीच तिला करायला लावलं.

दवाखान्यातून परतताना रिक्षात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. अजून थरथरत होता तो. "माझ्यासाठीच केलंत ना," ती म्हणाली, "मग आता मनाला लावून घेऊ नका." मी रस्त्याकडे बघत "हो" म्हणालो.

तो 'हो' खोटा होता. तो मला परत घ्यायचा आहे. मंडळाने दिलेल्या नारळाची शेंडी अजून देव्हाऱ्यात आहे, तीही मंडळींसमोर ठेवून खरं सांगायचं आहे. पण आधी सुनंदाला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.