मुसळ, उसाचं कांडकं आणि माझं लग्न

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी पोह्यांच्या आधी रायफलीच निघाल्या. आमचे आण्णा फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आणि मुलगा नोकरीतला जवान, जंगलातल्या पोस्टिंगवरून सुट्टीला आलेला. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. फौजेत नवी हलकी रायफल येऊ लागली होती आणि कागलजवळच्या आमच्या गावात ती आण्णांना मुळीच मान्य नव्हती.

"ती बंदूक हाय का पिपाणी?" आण्णा म्हणाले. "आमची जुनी रायफल बगा, लांब, जड, मारा बी लांबचा. गोळ्या संपल्या तर दस्त्यानं टकुरं फुटायचं!"

"व्हय, पण जंगलात झाडापल्याड दिसतंय कुठं?" मुलगा म्हणाला. "लांबचा मारा घिऊन करायचं काय? लांब नळी येलीत अडकती. बंदूक हलकी असली की तेवढ्याच वजनात गोळ्या जास्ती नेता येत्यात."

गावात आण्णांच्या रायफलीपुढं सगळे माना डोलवायचे. त्यांना तोंडावर उलट बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला तो तिथंच आवडला, आणि आण्णांना तिथंच नावडला. 'पावणं, पोहे खावा आणि निघा,' एवढंच म्हणायचं बाकी होतं.

मी पदर खोचला आणि आतून मुसळ आणलं. "आण्णा, ही तुमची रायफल. परड्यामागचा ऊस म्हंजे जंगल. हातातल्या बंदुकीसकट आरपार जाऊन हिरीपाशी निघायचं. आधी निघंल त्याची बंदूक खरी."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. पण आमच्याकडच्या माणसाला पैजेला नाही म्हणता येत नाही, त्यात दोघंही फौजी. मुलानं हातभर उसाचं कांडकं मोडून घेतलं.

मी बांधावरून पळत विहीर गाठली. आण्णा कुठवर आले ते न बघताही कळत होतं, कारण मुसळ पावलोपावली अडकत होतं आणि ते उसाच्या सात पिढ्या उद्धरत होते. तेवढ्यात मुलगा आवाज न करता बाहेर आला. माझ्याकडं बघून हसला. मागं वळून आण्णांच्या शिव्या ऐकल्या. मग हातातलं कांडकं हळूच उसात टाकून दिलं आणि रिकाम्या हातांनी उभा राहिला.

आण्णा निघाले तेव्हा शर्ट फाटलेला, गालावर पात्यांचे ओरखडे, पण मुसळ दोन्ही हातांत घट्ट.

"पावणं, तुमची बंदूक कुठाय?"

"पडली वाटतं कुठंतरी."

"पडली का खाल्ली?" आण्णा पोट धरून हसले. "हलकी म्हंजे अशी! पडली तरी कळत न्हाय!"

पाहुणे गेले आणि मी पेचात पडले. खरं सांगावं तर आण्णा हरणार. गप्प बसावं तर हत्यार हरवणाऱ्या जवानाला ते मुलगी कशाला देतील? मला दुसरा कुणी नकोच होता. शेवटी आई आण्णांच्या ओरखड्यांना हळद लावत बसली, तेव्हा मी तोंड उघडलं.

"आण्णा, त्यानं ते कांडकं..."

"गप. मी काय आंधळा हाय व्हय? फौजी माणूस हातातली बंदूक कवा पाडत न्हाय. टाकली त्यानं." माझ्याकडं बोट करून म्हणाले, "गावात मात्र मुसळच जिकलंय. ध्यानात ठेव."

मग आईकडं वळले. "आणि तू, सगळी हळद माझ्या गालाला फासू नकोस. लग्नाला लागंल की."