दांड्यावर साडेपाच फूट

माझ्या ताईचा नवरा एकतीस वर्षं बंदराच्या ऑफिसात भरती-ओहोटीचा तक्ता करायचा. म्हणजे मागच्या वर्षांचे आकडे घ्यायचे, गणितं मांडायची आणि पुढच्या वर्षी कुठल्या दिवशी किती वाजता किती फूट पाणी असेल ते चौकटींत भरायचं. खुर्चीत बसून. खिडकी होती, पण ती त्याच्या पाठीमागे. सगळा जन्म समुद्राकडे पाठ करून काढला आणि वर ऐट काय, तर आमचा आकडा दोन इंचांच्या वर चुकत नाही! उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण हा माणूस भिंतीकडे तोंड करून हाकायचा. धक्क्यावर त्याचं नाव पडलं वेळापत्रक. तोंडावर अर्थात साहेब.

मी शिडं शिवतो. धक्क्यामागे माझी पत्र्याची शेड आहे, दोन मशिनं, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि जमिनीवर कायम पसरलेलं कापड. त्या कापडावर रांगून रांगून माझे गुडघे गेले. वारा आणि पाणी मला कुणी शिकवायला नको. मेहुण्याला मी तोंडावर भाऊजी म्हणतो, अहो-जाहो करतो. मागे एकेरीच. तीस वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नाही की बाबा रे, आज वारा कसा आहे. शिंप्याला काय विचारायचं?

रिटायर झाल्यावर वर्षभर तो घरात नुसता बसून होता. मग एक दिवस जुनी शिडाची बोट घेऊन आला. बावीस फुटी छोटी यॉट, एक डोलकाठी, दोघं वाकून बसतील एवढी केबिन, आणि पोटाखाली चार फूट खोल जाणारी कील. आमच्या पाण्यात, जिथे चालता चालता वाळू लागते तिथे, चार फुटांची कील! पांढरे बूट घेतले, टोपी घेतली, आणि केबिनच्या दारावर स्वतःचा तक्ता प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवला.

शीड हाताळायचं तर काही विचारू नका. वारा कुठूनही येवो, हा आपला दोरी ताणून बसणार, वाळत घातलेल्या चादरीसारखं शीड ताठ. वारा पडला की आणखी ताणणार. ते शीड मीच शिवलेलं, त्याला आखडायच्या दोऱ्यांच्या तीन ओळी घातल्या होत्या, जोराच्या वाऱ्यात शीड लहान करता यावं म्हणून. त्यांची गाठ त्याने कधी मारली नाही. पहिल्याच मोसमात तो तीनदा रुतला. एकदा तर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, भर दुपारी, टोपी घालून. प्रत्येक वेळी उत्तर एकच: तक्ता बरोबर होता, पाणी उशिरा आलं. नाचता येईना, अंगण वाकडं! धक्क्यावर लोक आठवडाभर हसले, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

भाचा दुसऱ्या गावी इंजिनियर आहे. तिसऱ्यांदा रुतल्यावर त्याने फोनवर निकाल दिला की बाबांचं वय झालं, बोट विकायची. गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. ताईने मध्ये पडून एक तोड काढली. रविवारी दिव्याच्या बेटापर्यंत जायचं आणि परत यायचं. कुठेही न रुतता आलो तर बोट राहील. रुतलो तर त्याच दिवशी गिऱ्हाईक ती घेऊन जाईल. भाचा गिऱ्हाइकाला घेऊन दुपारी दोनला धक्क्यावर थांबणार होता.

मला वाटलं, ताईसुद्धा कंटाळलीय, फक्त नवऱ्याला सरळ कसं सांगायचं म्हणून हा घाट घातलाय. ती मला म्हणाली होती, बोट आल्यापासून ते सकाळी उठून दाढी करतात रे. मी म्हटलं, दाढीला बोट कशाला लागते, वस्तरा पुरतो. ती हसली नाही. मला म्हणाली, तूही चल आमच्याबरोबर.

रविवारी मी धक्क्यावर आलो तेव्हा तीन दिवस सतत जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत होता. असा वारा लागून राहिला की तो खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो. फूट-दीड फूट पाणी कमी भरतं, आणि हे कुठल्याही तक्त्यात नसतं, कारण तक्ता करणाऱ्याला चंद्र माहीत असतो, वारा नाही. आमच्या धक्क्याची सातवी पायरी भरतीला बुडते. त्या दिवशी भरती पुरी झाली तरी ती कोरडी होती. वेळापत्रक त्याच पायरीवर उभा राहून घड्याळाशी तक्ता ताडून पाहत होता. मी पायरी पाहिली आणि गप्प बसलो.

सकाळी जाताना बरं जमलं. दांड्यावर, म्हणजे बेटाच्या वाटेतल्या वाळूच्या पट्ट्यावर, तेव्हा भरतीचं पुरेल एवढं पाणी होतं. वारा पाठीमागून होता. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी त्याने दोरी सैल सोडली होती. झुळूक वाढली की सोडायचा, पडली की थोडी घ्यायचा. कुठून शिकला कोण जाणे. बेटाजवळ वारा साफ मेला. पाऊण तास शीड लोंबत होतं, पण हा कुरकुरला नाही, सुकाणू धरून बसून राहिला. ताईने डब्यातलं खायला काढलं. त्याच्याकडे बघताना तिचा चेहरा असा होता की मी दुसरीकडे बघितलं.

मग समुद्राकडून वारा उठला आणि आम्ही परत फिरलो. पाणी बरंच ओसरलं होतं. दोन वाटा होत्या. दांड्यावरून सरळ गेलं तर दोनच्या आत धक्का. पाण्यात तरंगत्या पिंपांच्या खुणांना वळसा घालून खोल पाण्यातून गेलं तर तासभर उशीर, पण रुतायची भीती नाही. तासभर उशीर झाल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्याने तक्ता पाहिला, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा तक्ता पाहिला. आणि मग माझ्याकडे वळला.

"तुला काय वाटतं? दांड्यावरून काढू?"

तीस वर्षांत पहिल्यांदा! माझ्या अंगातून असा काही आनंद गेला म्हणून सांगू. आता झाली का शिंप्याची आठवण?

"तुमच्या तक्त्यात काय लिहिलंय, भाऊजी?" मी म्हटलं.

"साडेपाच फूट."

"मग झालं तर."

त्याने सुकाणू वळवलं. वारा पाठीशी, शीड पूर्ण उघडं, बोट छान पळत होती. दांड्यावर कील घासली, पुन्हा घासली, आणि तिसऱ्यांदा बोट अशी थांबली की ताईच्या हातातला डबा केबिनमध्ये जाऊन पडला. मागून वारा आणखी वर ढकलत होता. त्याने झटकन शीड उतरवलं. बोट कलली की कील थोडी वर येते, म्हणून ताई न सांगता एका कडेला जाऊन लोंबकळली. तोही गेला. शेवटी मीही गेलो. पण ओसरतं पाणी कुणासाठी थांबत नाही. तीन वाजेपर्यंत बोट कुशीवर पडली होती आणि वाळू दिसायला लागली होती. धक्क्यावर दोन माणसं उभी होती. एवढ्या लांबूनही भाच्याने कमरेवर हात ठेवलेले कळत होते.

मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. पाणी उशिरा आलं वाटतं, भाऊजी? पण त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसून राहिला.

ताई साडी खोचून खाली उतरली. घोट्याएवढ्या पाण्यातून मला बाजूला घेऊन गेली.

"आज पाणी कमी आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"तक्ता त्यांचा आहे. मी काय..."

"तक्त्याचं मी विचारत नाहीये."

मी पायाने वाळू उकरत राहिलो.

"काल रात्रभर त्यांना झोप नव्हती," ती म्हणाली. "मीच सांगितलं, अडलात तर तक्ता बघू नका, ह्याला विचारा. म्हटलं, ह्याला पाणी कळतं. त्यांना नाही रे कळत, पण त्यांनी विचारलं तरी."

संध्याकाळी भरती आली तेव्हा बोट उठली. धक्क्यावर वेळापत्रकाने मुलाला एवढंच सांगितलं की चूक माझी, आकडा माझाच होता. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही, आणि मी तोंड उघडलं नाही. गिऱ्हाईक बोट घेऊन गेलं, माझ्या शिडासकट.

आता रविवारी मी ताईकडे जातो. ती दार उघडते, खुर्ची पुढे करते आणि आत जाते. तो समोर बसलेला असतो, चार दिवसांची दाढी वाढलेली. थोड्या वेळाने विचारतो, आज वारा कुठला रे? मी सांगतो. कुठून आहे, किती आहे, दुपारी कुठे फिरेल, सातवी पायरी बुडली की नाही, सगळं अगदी खरं सांगतो.