काचेवरचे लाल ठिपके

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला सांगायची गरज पडली नाही — तिला अर्धी ठाऊक आहे. चार वर्षं मी तोंड शिवून बसलो. मग आजच का बोलतोय? परवा माझ्या पिकअपच्या समोरच्या काचेला पुन्हा चीर गेली म्हणून — नाही, परवा नाही. पंधरा दिवस झाले. बघा, पहिल्याच परिच्छेदात खोटं बोलायला लागलो होतो.

मी तुमसरहून चिखल्याला भाजी आणि किराणा पोचवतो. खाणीच्या कॉलनीतली चूल माझ्या मालावर पेटते, असं चारचौघांत ऐटीत सांगतो. त्या रस्त्याने मॅंगनीजचे डंपर जातात आणि त्यांच्यातून खडे उडतात. आमच्या स्टँडवर धड काच असलेली गाडी शोधावी लागेल. त्यामुळे चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला एक खडा टणकन येऊन लागला आणि काचेवर मसुरीच्या दाण्याएवढा डाग पडला, तेव्हा मी हसलो. म्हटलं, चला, आपणही बिरादरीत आलो.

डागाची चीर झाली. माझ्या बायकोने, रेखाने, कुठेतरी ऐकलं होतं की चिरेच्या टोकाला नेलपॉलिश लावलं की ती पुढे सरकत नाही. तिने आतल्या बाजूने एक लाल ठिपका लावला. चार दिवसांनी चीर ठिपक्याच्या पुढे गेली. तिने दुसरा लावला. मग तिसरा. दिवाळी झाली तोवर काचेच्या डाव्या कडेपासून थेट माझ्या डोळ्यांसमोरपर्यंत सात ठिपक्यांची ओळ झाली होती.

"अजी, बदलून टाका ना ते काच," ती म्हणायची. "चीर थांबून नाही राहिली ते."

"मंडई होऊ दे," मी म्हणायचो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघर पाहुणे येतात, माल दुप्पट जातो. कारण ऐकायला बरं होतं. खरं कारण सांगू? माझा पहिला नंबर होता. भाजीबाजाराबाहेर पहाटे पिकअपवाल्यांची रांग लागते. ज्याचा पहिला नंबर त्याची गाडी आधी भरते, आणि एक दिवस खाडा झाला की तो थेट शेपटाला जातो. मी दोन वर्षं एकही खाडा न करता पुढे सरकत आलो होतो. लोक मला 'एक नंबर' म्हणूनच हाक मारायचे. काचवाला एक दिवस गाडी ठेवून घेणार होता. एकच दिवस. तो एक दिवस मला देववला नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्याभोवती मी कधीचा फिरतोय.

चिखल्याहून परत येताना एका गावापाशी रस्ता मावळतीकडे वळतो. गावाचं नाव सांगत नाही. थंडीत पाचच्या सुमाराला तिथे ऊन सरळ काचेत शिरतं. साध्या काचेत डोळे नुसते दिपतात. माझ्या काचेत ती चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटायची, ट्यूबलाइटसारखी, आणि पलीकडचं सगळं पांढरं व्हायचं. झाड नाही, रस्ता नाही. पहिल्या दिवशी घाबरून ब्रेक मारला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की वळण संपलं की दिसायला लागतं. तिसऱ्या दिवसापासून मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार — की रस्ता परत हजर. दहा-बारा दिवस मी त्या वळणावर आंधळा होऊन गाडी हाकली, रोज चार मोजेपर्यंत. मला माहीत होतं. हे नीट वाचा. मला माहीत होतं.

त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यावर धान वाळत असतं. खळ्यापेक्षा डांबर लवकर तापतं, म्हणून अर्धा रस्ता धानाखाली जातो. गाड्या चढू नयेत म्हणून लोक कडेने दगड मांडतात. बायका धानातून पाय ओढत फिरतात, म्हणजे खालचं धान वर येतं. नवखा ड्रायव्हर शिव्या देतो. आम्ही सवयीने बाजूने काढतो — दिसत असेल तर.

त्या दिवशी वळणाच्या आत कुणीतरी नवीन धान टाकलं होतं. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं.

मी तीनपर्यंत मोजलं होतं. पुढचं चाक दगडावर चढलं, गाडी उडाली, काहीतरी लागलं, आणि मी स्टिअरिंग ओढलं ते मोहाच्या झाडावर. कपाळ फुटलं. समोरची काच जाळीसारखी झाली, जागीच चिकटून राहिली. बाहेर एक बाई ओरडत होती. शब्द नव्हता, नुसता आवाज.

तुम्ही काय केलं असतं? उतरून धावला असता ना? मीही स्वतःला तसाच माणूस समजत होतो.

मी उतरलो नाही. मी काचेकडे पाहिलं. जुनी चीर नव्या जाळीत कुठल्या कुठे हरवली होती. हरवले नव्हते ते फक्त सात लाल ठिपके. मी गाडीची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने ते खरवडायला लागलो. एकेक करून. हात थरथरत नव्हते — हे मला अजून झोपू देत नाही. पाचवा ठिपका खरवडत होतो तेव्हा खिडकीत एक माणूस आला. तिचा नवरा, सुकदेव. अंगभर धानाचा कोंडा.

"भाऊ, तुमाले लागलं का?" त्याने आधी हे विचारलं. मग म्हणाला, "गाडी चालू होते का? हिले दवाखान्यात न्या लागते."

मी म्हणालो, "नाही होत."

किल्ली माझ्या मुठीत होती. मी लावून पाहिलीसुद्धा नव्हती. गाडी सुरू झाली तर तिला आत आणून बसवतील, शेजारी बसतील, काचेकडे पाहतील — आणि दोन ठिपके अजून बाकी होते.

सुकदेव धावत गावात गेला. ट्रॅक्टर मिळाला, तो सुरू होईना. दुसरा शेतातून आणावा लागला. तिला ट्रॉलीत गवतावर घालून तुमसरला नेलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने किल्ली लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो म्हणाला, "हिले तं काहीच नाही झालं." मी मान हलवली.

तिचं नाव कौतिकाबाई. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर सुकदेवला म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. हे सुकदेवनेच मला सांगितलं. रागाने नाही. दुसरा ट्रॅक्टर उशिरा आला, त्याची खंत सांगत होता.

रोवणीच्या दिवसांत कौतिकाबाईची टोळी त्या पंचक्रोशीत आधी बोलावली जायची. चिखलात उलटं चालत धान लावायचं काम, तिच्या हाताला आणि पायाला कुणी गाठत नसे. हेही मला नंतर कळलं. मी विचारलं नव्हतं, लोक आपणहून सांगायचे.

समाजमंदिरात बैठक बसली. रस्त्यावर धान टाकल्याचं अंगावर येईल म्हणून प्रकरण पोलिसांत न्यायचं नाही असं गावाने आधीच ठरवलं होतं. पोलीसपाटलांनी मला विचारलं, "भाऊ, खरं सांगा, गाडीत काही खोट होती का? बिरेक, काच?"

बायकांच्या बाजूला माझ्याबरोबर आलेली रेखा बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"काच चांगली होती," मी म्हणालो. "ऊन डोळ्यावर आलं अन् दगड आडवे आले."

पोलीसपाटील सुकदेववर उखडले. "रस्ता का धान वाळवाची जागा होय? वळणावर कायले टाकलं?" सुकदेव खाली मान घालून बसला. निकाल असा लागला की चूक धानवाल्यांची. गाडीला नवीन काच सुकदेवने बसवून द्यावी.

आणि मी ती घेतली.

जी काच बदलायला मला एक दिवस देववत नव्हता, ती त्यांनी बसवून दिली. गाडी तोवर त्यांच्याच अंगणात होती. न्यायला गेलो तेव्हा तिथे कौतिकाबाई कुबड्यांवर उभी होती, दवाखान्यातून येऊन आठवडाही झाला नव्हता. हातात हळदीकुंकवाची वाटी. नव्या काचेला कुंकू लावल्याशिवाय गाडी न्यायची नाही म्हणाली. सुकदेवने तिला धरलं आणि तिने वाकून काचेवर बोट टेकवलं. लाल ठिपका. माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर.

"माह्या धानापायी तुमची गाडी फुटली, भाऊ," ती म्हणाली. "मनात ठेवू नका."

मी काय म्हणालो? म्हणालो, "जाऊ द्या बाई, होते असं." मी तिला माफ केलं. समजतंय ना? मी, तिला.

दरवर्षी नवं धान निघालं की सुकदेव मला तांदळाची पिशवी देतो. आम्ही तो तांदूळ खातो. रेखा रांधते, वाढते, स्वतः मात्र त्या दिवशी पोळी खाते. बैठकीबद्दल ती एका शब्दाने बोललेली नाही. नेलपॉलिश तेव्हापासून तिने बोटांना लावलेलं नाही. किल्लीचं तिला माहीत नाही. ते आजवर फक्त मला माहीत होतं.

पंधरा दिवसांपूर्वी त्याच रस्त्यावर डंपरमधून खडा उडाला. तसाच टणकन आवाज. चीर आता वीतभर झाली आहे आणि डावीकडून माझ्याकडे सरकते आहे. दिवस तेच आहेत, दिवाळी नुकतीच झाली. माझा नंबर पुन्हा पहिला आहे. काचवाल्याला मी विचारून आलो, तो म्हणाला सोमवारी गाडी लावा. तो सोमवार गेला. दुसराही गेला.

आणि नंबर हे यावेळी एकच कारण नाही. काच बदलली तर कौतिकाबाईला दिसणार, ती बारकाईने बघते. विचारणार, "भाऊ, आमी देल्लं काच काहून काढलं?" मी म्हणणार, चीर गेली होती. ती म्हणणार, चिरेनं का होते? मग मला सांगावं लागेल की चिरेने काय होतं. ते मला इतक्या नीट कसं ठाऊक, हेही.

आज परत येताना ती अंगणात खाटेवर बसली होती. गाडी ओळखून तिने हात वर केला. मीही केला. तिच्या घरानंतर लगेच ते वळण लागतं. रस्त्याच्या कडेने कुणीतरी दगड मांडून ठेवले होते, उद्याच्या धानासाठी. ऊन काचेवर आलं, चीर पेटली, आणि मी मोजायला लागलो.