म्हैस विकून आणलेलं चार कामांचं यंत्र

जायचं ठरवलं ते मी. आमच्या घरात ठरवायचं काम माझं आणि विचार करत बसायचं काम मालकांचं. मालक म्हणजे माझा नवरा, मुरगूडचा सुतार. दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा गेला. पस्तीस वर्षं रंधा ढकलला, दुसरं काय होणार? हात छातीच्या वर जाईना. एक फळी साफ करायची तर तीनदा टेकायला लागायचं. एका वखारवाल्यानं सांगावा धाडला, की सुताराला म्हणावं राखणीला ये, बसायला खुर्ची देतो. मालक विचार करत बसले. माझ्या मात्र तो सांगावा घशाखाली उतरला नाही. ज्यानं निम्म्या गावाची दारं बसवली, त्यानं दुसऱ्याच्या लाकडाची राखण करायची?

त्याच आठवड्यात कोल्हापूरचा खिळे-बिजागरीवाला आला. तो म्हणाला, मंगळवार पेठेत सर्व्हिस मोटारींचे, म्हणजे प्रवासी गाड्यांचे, लाकडी सांगाडे बांधायचा एक कारखाना होता, तो बंद पडलाय. तिथं एक जुनं विलायती यंत्र पडून आहे. एकाच धडावर करवत, रंधा, गिरमिट आणि चौकटीची खाच पाडायची सोय, अशी चार कामं. चालत नाही, म्हणून भंगाराच्या भावात देणार आहेत. मालक म्हणाले, बघू. मी दुसऱ्या दिवशी म्हैस विकली. दुभती होती. पण म्हैस पुन्हा घेता येते, मालकांचा खांदा नाही, तेवढाच माझा हिशेब.

पहिल्या मोटारीनं निघालो. तुम्ही जाणार असाल तर मागच्या चाकावरची जागा धरू नका. मी धरली आणि कागल येईपर्यंत माझ्या पाठीचा एकेक मणका मला वेगळा मोजता आला. रस्त्याकडेला गुऱ्हाळं चालू होती, काकवीचा वास थेट मोटारीत यायचा. शेजारच्या बाईनं विचारलं, कोल्हापूरला अंबाबाईला व्हय? म्हटलं, न्हाय, यंत्राला. तिनं पदर सावरला आणि तोंड फिरवलं. भाकरी आणि खर्डा घरून बांधून घ्या. वाटेतला चहा म्हणजे गरम पाणी, त्याचे पैसे देताना माझा हात आखडला.

कोल्हापुरात माझ्या मावसबहिणीकडं उतरलो. तिचा नवरा संध्याकाळी आम्हाला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेला. तिथं म्हशी रस्त्याकडेलाच उभ्या असतात, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतो. फेस मिशांना लागतो, म्हणून पुरुषमाणसं खुळ्यासारखी हसत उभी. दूध चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आपली म्हैस विकून दुसऱ्याच्या म्हशीचं दूध विकत प्यायची वेळ माझ्यावरच आली. मालक दोन पेले प्यायले.

सकाळी कारखान्यात गेलो. मोठं पत्र्याचं छप्पर आणि मधोमध एका मोटारीचा अर्धा बांधलेला सागवानी सांगाडा, सोललेल्या फणसासारखा उघडा. किल्ली हुसेनचाचांकडं होती. हे तिथले जुने मिस्त्री, सत्तरीला टेकलेले. कारखाना बंद झाला तरी रोज येऊन झाडलोट करतात. पगार कोण देतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वैनी, पगाराचं काय, सवय जात न्हाय."

यंत्र मागच्या भिंतीला होतं. मला यंत्रांतलं कळत नाही, तिसरीत शाळा सोडलेली बाई मी. पण बघितलं आणि मी पुढं होऊन त्याला हात लावला. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं धड, बैलाच्या वशिंडासारखं भरीव. वर लोखंडी पाट, तो एका चाकानं वर-खाली व्हायचा. एका अंगाला करवत, दुसऱ्या अंगाला रंध्याचं पातं, बाजूला गिरमिट, आणि सगळ्यांच्या पोटातून एकच जाड दांडा. एक पट्टा फिरला की चारही कामं एकाच जागी. ज्या कुणी हे डोक्यातून काढलं त्याच्या घरी जागा कमी असणार आणि बायको माझ्यासारखी असणार. पायात सोळा लुडबुडी नकोत, एकच ठेव, असं म्हणणारी.

मालक त्याच्याभोवती फिरले. बोटाच्या पेरानं जागोजागी ठोकून कान लावला. बीड कुठं तडकलं असेल तर आवाज बोदा येतो म्हणे, फुटक्या मडक्यासारखा. कुठंच बोदा आला नाही. मग चाचा आणि त्यांनी मिळून मोठं चाक फिरवायला बघितलं. हललं नाही. चाचा म्हणाले, तीन वर्षांपूर्वी असंच चालता चालता तापलं, ओरडलं आणि बसलं. शहरातल्या एका फिटरनं बघून सांगितलं, आतला दांडा मेला. तेव्हापासून कारखान्याच्या थोरल्या मालकांनी हाय खाल्ली. यंत्र बसलं, काम बसलं, वरसाभरात ते पण गेले.

मालक पाटावर डावा हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता तासभर असेच उभे राहणार. वेळ जाईना, म्हणून मी यंत्राच्या मागं भिंतीच्या सांदीत शिरले. तिथं देवळी होती, पणतीच्या काजळीनं काळी झालेली. आणि यंत्राच्या पाठीवर, बरोबर देवळीसमोर, सुपारीएवढे दोन तांबडे गोळे. शेजारी शेजारी, डोळ्यांसारखे. मी अंबाड्यातला आकडा काढून एक टोकरला. आमच्या घरी देव मीच घासते. तेलातलं हळद-कुंकू वर्षानुवर्षं एका जागी बसलं की त्याचा असाच दगड होतो, चिंच लावल्याशिवाय सुटत नाही. खपली पडली. खाली पितळी टोपण निघालं आणि टोपणाखाली भोक. भोकात आकडा घातला, तर आत पण कुंकूच.

माझा आवाज मुळात मोठा. मी तिथूनच ओरडले, "अवो, ह्याचं नाक बुजलंय."

चाचा वाकून आले. बघितलं आणि जमिनीवरच बसले. मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. दांड्याला तेल जायला सहा भोकं. पुढची चार ते रोज भरायचे. मागची दोन ते कामाला लागले तेव्हापासून कुंकवाखालीच होती. खंडेनवमीला मालकीणबाई येऊन यंत्राची पूजा करायच्या, तेल, हळद, कुंकू बरोबर तिथंच. चाचांना वाटलं, ती पूजेची जागा. हिंदू कामगारांना वाटलं, कुंकू पुसायचं नसतं. दांड्याचं मागलं टोक पुढून झिरपेल तेवढ्यावर तगलं आणि एक दिवस कोरडं पडून जाम झालं.

"तुम्ही मिस्त्री," मी म्हटलं. "एकदा तरी खरवडून बघायचं."

"दुसऱ्याच्या देवाला हात कसा लावायचा, वैनी?" चाचा म्हणाले.

मी दुसरा गोळा टोकरायला घेतला.

दोन्ही भोकं साफ केली, आत घासलेट सोडलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. चाचांनी चाकाला पहार लावली, मालकांनी डाव्या खांद्यानं रेटा दिला. कर्र झालं आणि चाक बोटभर हललं. मग चार बोटं. दांडा मेला नव्हता.

पण आता पंचाईत अशी, की हे बघायला थोरल्या मालकांचा मुलगा आला होता आणि त्याच्यामागं त्याची आई, त्या पूजा करणाऱ्या मालकीणबाई; सगळे त्यांना काकी म्हणत. मी माझं तोंड आवरलं असतं तर यंत्र भंगाराच्या भावात गुपचूप घरी गेलं असतं. मालकांनी रात्रीच सांगितलं होतं, की ठरल्याच्या वर आपल्याजवळ दमडी नाही. मुलगा म्हणाला, चालतं यंत्र आणि भंगार यांत फरक हाय, पावणं. भाव दुसरा पडंल. रास्तच बोलला. त्याच्या जागी मी असते तर मी पण तेच बोलले असते. मालकांनी मान हलवली आणि टोपी उचलली. माझ्या डोळ्यांपुढं वखारीतली खुर्ची आली.

काकी मात्र त्या भोकाकडंच बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय निघालं? कुणीच सांगेना. शेवटी मीच सांगितलं, जसं असतं तसं. सांगून झाल्यावर वाटलं, जरा हळू सांगायला हवं होतं.

त्यांनी भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "नवी नवरी हुतो तवा यंत्र आलं. मला वाटलं, ते त्याचं डोळं. शेवटच्या दिसांत आमचं मालक म्हणायचं, माझ्या यंत्राला कुणाची तरी नजर लागली." त्यांनी कुंकवाची खपली जमिनीवरून उचलून पदरात घेतली. "ती माझीच की."

चाचा म्हणाले, "काकी, निम्मी चूक माझी." काकींनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

मुलगा भावाचं पुन्हा काढायला गेला, तर त्या त्याच्यावर फिरल्या. "तीस वरसं म्या त्याचा श्वास कोंडला. आता त्याच्यावर चढता भाव घ्यू? ठरलंय त्यात दे. आणि ह्या माणसाच्या हातानं चालू दे."

मी देवाधर्माची बाई नाही, पण मी त्यांच्या पाया पडले. मालक माझ्याकडं बघतच राहिले.

आता न्यायचं कसं, ते सांगते, कारण पुष्कळजण इथंच चुकतात. सर्व्हिस मोटारी सरकारकडं गेल्यापासून असे कारखाने ठिकठिकाणी कुलपात आहेत, यंत्रं मिळतात. पण अख्खं यंत्र गाडीवर चढवू नका, बीड पडलं की काचेसारखं फुटतं. सगळं खोला. मालकांनी तुकड्यांवर खडूनं आकडे घातले, ते पोत्याला घासून पहिल्याच मैलात पुसले. बरं झालं की मी जोडीच्या दोन तुकड्यांना एकाच लुगड्याची चिंधी बांधत होते. घरी जोडताना कामाला आली ती चिंधी, आकडे नाही. दोन बैलगाड्या केल्या. धड एका गाडीवर, खाली उसाच्या पाल्याची गादी, बाकीचं दुसरीवर. गाडीवान गडमुडशिंगीचे, बैल मस्तीत पण चढाला थांबले नाहीत.

जकात नाक्यावर शिपायानं पोतं उचकटलं. म्हणाला, "काय हाय हे, तोफ?"

"व्हय," मी म्हटलं. "लग्नात उडवायची. तुमच्याकडं हाय का कुणाचं?"

गाडीवान हसले, तो पण हसला आणि पावती फाडली. कागलात मुक्काम केला, दूधगंगेवर बैल धुतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुरगूड. निम्मं गाव जमलं. एकानं विचारलं, म्हैस देऊन हे आणलं? दूध देतं का? म्हटलं, तुझं तोंड बंद करतं का बघते.

पुढचे दीड महिने घरात घासलेटाचा वास. मी विटेची भुकटी आणि घासलेट घेऊन पाट घासला. पाट इतका गुळगुळीत निघाला की भाकरी थापावी. चाचा आपण होऊन आठ दिवस येऊन राहिले. दांडा ज्यात फिरतो ती बेअरिंगं त्यांनी काजळी लावून, दांडा कुठं घासतोय ते बघून, कणाकणानं खरवडली. एका बेअरिंगला दोन दिवस. माझा जीव वरखाली व्हायचा, मी विचारायचे झालं का, ते म्हणायचे न्हाय. एवढा सबुरीचा माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि मला तो आवडला, हे पण सांगते. सहाही भोकांत एरंडेल सोडताना ते प्रत्येक भोकाला बिस्मिल्ला म्हणायचे. चामड्याचा पट्टा कोल्हापूरच्या एका पायताण शिवणाऱ्याकडून शिवून आणला. टाका असा की चाकावरून जाताना खट्टसुद्धा होत नाही. आमच्याकडं वीज नाही. माझ्या भावाची पिठाची गिरणी भिंतीला भिंत लागून. भिंतीला भोक पाडून त्याच्या इंजिनावरून पट्टा घेतला. सकाळी तो दळण दळतो, दुपारी आम्ही लाकूड.

काकींना पत्र घातलं, मालकांनी लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी ओरडले नसते तर त्यांना कधीच कळलं नसतं, आणि त्या सुखात राहिल्या असत्या. आणि मी ओरडले नसते तर दांडा पण सुटला नसता. यातलं कुठलं बरं, मला ठरवता येत नाही. ठरवायचं काम माझं असून.

चालू केलं त्या दिवशी भावानं इंजिन मारलं, पट्टा ताणला आणि रंध्याचं पातं घुमायला लागलं. मधमाशांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज. मालकांनी सागवानाची खडबडीत फळी पाटावर ठेवली आणि नुसत्या तळहातानं पुढं सरकवली. खांदा जागचा हलला नाही. पलीकडून फळी निघाली ती लोण्यासारखी. त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला, डोळ्याशी धरून बघितली, कपाळाला आठी घातली.

मी जवळ जाऊन विचारलं, "कशी निघाली?"

"उजेडातनं बाजूला हो," ते खेकसले. "काम करू दे."

दिवाळीपासून या माणसानं घरात कुणावर आवाज चढवला नव्हता. मी बाजूला झाले.