किंचित खालचा गांधार

कानसेना, तुझ्याबद्दल लिहायचं तर तुलाच उद्देशून लिहिते. दुसऱ्या कोणाला सांगायला घेतलं की तो मध्येच "फार गुणी होते हो" म्हणून उसासा टाकतो आणि माझं डोकं फिरतं. गुणी होतास, कबूल. पण हट्टी किती होतास ते तुझ्या थोरल्या बहिणीला विचारावं.

कानसेन हे नाव तुला दुकानाच्या मालकांनी दिलं. वाद्यांच्या त्या दुकानात मागच्या अंगाला एक खोली होती, तिथे तू बाजाच्या पेट्या सुरात लावायचास. खोली कसली, फडताळच. शेजारी फरश्या कापायचं यंत्र किंचाळायचं म्हणून खिडकी कायमची बंद. टेबलावर दिवा, पितळेच्या चिमुकल्या पट्ट्या, बारीक कानस. पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ मात्र परत येत नाही. चुकलं की दुसऱ्या टोकाला घासायचं, पुन्हा चुकलं की पुन्हा पहिल्या. अशाने पट्टी बारीक होत होत एक दिवस तुटते. उजव्या हातात कानस असायची, म्हणून मान वाकवून डावा कान पट्टीशी न्यायचास. चेहरा असा करायचास, जशी काही ती पट्टी तुला शेजाऱ्यांची भानगड सांगते आहे.

तुझं सगळं भांडण एका कणाशी होतं. ते तू इतक्यांदा ऐकवलंस की मला झोपेतही सांगता येईल. सा वरून पंचमावर, म्हणजे प वर, उडी मारायची, त्या पंचमाला सा मानून त्याच्या पंचमावर, अशा बारा उड्या मारल्या की परत सा वर यायला हवं. येत नाही. कणभर वर जाऊन पडतो आपण. तो कण कुठे ठेवायचा? बाजारच्या पेटीत तो बाराही जणांना थोडा थोडा वाटून देतात. कोणालाच फारसं टोचत नाही, पण शुद्ध असं कोणीच राहत नाही. गांधाराची तर चांगलीच गोची होते, सा रे ग मधला तो बिचारा ग जागेपेक्षा चढा होऊन बसतो.

"म्हणजे सगळ्यांशी थोडं थोडं खोटं बोलायचं," तू म्हणायचास, "आणि त्याला सोय म्हणायचं!"

तुझी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्यात काय बिघडलं? घर तसंच चालतं. तुम्ही एकटे खरे निघालात म्हणून तर कोणाशी पटत नाही."

मी हसले. तू नाही हसलास.

घरच्या पेटीत तू गांधार हवा तिथे, किंचित खाली लावलास. आणि तुझी लेक त्या पेटीवर वाढली. तिला बोलायच्या आधी गुणगुणता यायचं. आवाज असा की मी, जिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तीही हातातलं काम ठेवून ऐकत बसे. गायनशाळेच्या वरच्या वर्गात तिला घ्यावं एवढीच तुझी इच्छा. निवडीला गेली, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "आवाज छान आहे, पण गांधार खाली पडतो. पुढच्या वर्षी ये."

"खाली पडत नाही, त्यांचा चढलाय," तू म्हणालास. तेव्हा तुझं खरंही असेल. पण त्या दिवसापासून तुला एक हुकमी उत्तर सापडलं. कोणीही काही म्हणालं की बाजारू कान! पुढच्या वर्षी बाई म्हणाल्या, आता फारच खाली जातोय, शिवाय रेही डळमळतो. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मला तर तोच बरोबर वाटतो. मग बाईंना का नाही वाटत?"

"बाईंनी कान विकलाय, म्हणून."

आणि कानस घेऊन घरची पेटी आणखी 'शुद्ध' करायला बसलास. तिसऱ्या खेपेला तिला दोन ओळींनंतर थांबवलं.

इकडे दुकानात गिऱ्हाइकांच्या पेट्या परत यायला लागल्या. मालक बिचारे मवाळ. म्हणाले, "कानसेन, गिऱ्हाईक म्हणतं पेटी आजारी वाटते."

"गिऱ्हाईक आजारी असेल."

"सगळीच गिऱ्हाइकं?"

तू माझ्याकडे तणतणत आलास. हल्लीचं पितळच हलकं आहे, एका जागी बोट दाबलं तरी पेटीच्या आत दोन सूर भांडतात, म्हणालास. तेवढ्यात तुला फोन आला. उजव्या हातात चहाचा कप होता आणि डावा मोकळा, तरी तू डाव्या हातातला फोन आडवा नेऊन उजव्या कानाला लावलास. आधीही दोन-तीनदा मी हे पाहिलं होतं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, मला राहवेना. फोन झाल्यावर तुझ्या खिशातला सूर तपासायचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि तुझ्या उजव्या कानाशी धरला.

"काय येतं?"

"काय म्हणजे? सा."

पुन्हा आपटून डाव्या कानाशी नेला. तू वैतागून म्हणालास, "ताई, हा दुसरा काटा आहे. हा चढा आहे."

"एकच आहे रे."

तू काटा माझ्या हातून हिसकावून घेतलास. उजवा, डावा. उजवा, डावा. चहा निवला. मग काटा टेबलावर ठेवलास आणि मला विचारलंस, "पोरीला मी काय शिकवलं, ताई?"

याची दोन उत्तरं तुझ्याकडेच होती. डावा कान बिघडला असेल तर सगळं गेलं, कारण पट्ट्या त्याच कानाने लावलेल्या. उजवा बिघडला असेल तर डावा खरा, मग पोरीचा गांधारही खरा आणि बाई चूक. दोन्ही कान आतून सारखेच खात्रीचे वाटतात, म्हणालास. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे चल, तो यंत्र लावून अर्ध्या तासात सांगेल. तू म्हणालास, "जाऊ की."

सांगेल, हीच तुझी भीती होती. ती मला दिसत होती.

दुकानात तू स्वतःच सूर लावायचं सोडलंस. भात्याचं कातडं चिकटव, लाकडाला पॉलिश कर, असली कामं घेतलीस. मालकांनी एका शब्दाने विचारलं नाही, ते तुला जास्त लागलं. लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली. घरात गाणं लागलं की ती उठून आत जायची. मला एकदा म्हणाली, "आत्या, चांगलं गाणं ऐकलं तरी वाटतं, यातलं खोटं कुठलं ते मला कळणारच नाही." तिला तुझ्या कानाचं ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, आपलाच गळा फुटका. तू तिला सांगणार होतास, पण नक्की कळल्यावर. अर्धवट काय सांगायचं, म्हणालास.

शेवटी एका गुरुवारी मी तुला ओढूनच नेलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलास. तिथे चपलेचा पट्टा नीट करायला वाकलास, तो बराच वेळ वाकलेलाच राहिलास. मग म्हणालास, "ताई, पुढच्या गुरुवारी. नक्की." मी तुला चारचौघांत झापलं. तू ऐकून घेतलंस आणि परतीच्या बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलास.

सोमवारी तू दुकानात पॉलिशचा बोळा हातात असतानाच कोसळलास, तो गेलासच.

लेकीला मी सांगितलं. दोन कान, दोन सूर, नादकाटा, सगळं. म्हटलं, पोरी, दोष तुझ्या गळ्याचा नव्हता, पेटीचा होता. मग तिने विचारलं, "आत्या, बाबांचा डावाच कान बिघडला होता, हे नक्की?"

मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी तपासायला जाणार होतो आम्ही."