बिनआवाजी घर

माझ्या धाकट्या बहिणीचा संसार एका खोलीत. नवरा रात्रपाळीला पत्रा कापायच्या मशिनवर असतो आणि दिवसा झोपतो. त्याच्या शेजारच्या कामगाराचा डोळा लागला आणि बोटं गेली, तेव्हापासून बहिणीने घरात आवाज म्हणून होऊ दिला नाही. कुकर माळ्यावर टाकला. भांडी फडक्यावर ठेवायची, बोलायचं ते कानाशी. ती तयार कपडे उरलेले धागे कापायला घरी आणते, ते कामही मुकंच. मी गेले की दारातच ओठांवर बोट ठेवते. मला मेलीला ते जमत नाही, म्हणून मी फारशी जातच नाही.

तिची पोरगी पाच वर्षांची. जन्मली तेव्हा असं भोकाड पसरलं की आम्ही तिला भोंगाच म्हणायला लागलो. या भोंग्याने बालवर्गात वर्षभर तोंड उघडलं नाही. शेवटी बाईंनी बहिणीला बोलावलं. हिला काहीच येत नाही, वरच्या वर्गात कशी घालू, म्हणाल्या. घरी रोज मोठ्याने कविता म्हणून घ्या, महिनाअखेरीस मी पुन्हा विचारते.

काहीच येत नाही कसं? पोरीला सगळं येत होतं, फक्त कुजबुजत येत होतं.

बहिणीने तिला जिन्यात नेलं, तर खालच्या मजल्यावरची सून आजारी सासऱ्यांसाठी हात जोडत वर आली. मग मोरीत नळ सोडून म्हणून घेतलं, तर नवरा जागा झाला. तो चिडला नाही, पलंगावर बसून नुसता स्वतःची बोटं बघत राहिला. "ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं गं," बहीण मला म्हणाली. तेसुद्धा माझ्या घरी, कुजबुजत. मला तिचा इतका राग आला की रडूच फुटलं.

मी दोघींना बागेत घेऊन गेले. म्हटलं, इथे घसा फाडून ओरड. पोरीने आधी चहूकडे पाहिलं. एका बाकावर कुणी म्हातारा पेंगत होता. झालं, तिने ओठ मिटले.

शाळेत बोलावलं त्या दिवशी मीही सोबत गेले. बाई चांगल्या होत्या. लाजते पोर, म्हणाल्या, आई, तुम्ही सुरुवात करा, ती मागून म्हणेल. बहीण उभी राहिली. कवितेची पहिली ओळ तिने अगदी बरोबर म्हटली, पण शेजारी बसलेल्या मला ती जेमतेम ऐकू आली. बाई म्हणाल्या, जरा मोठ्याने. बहिणीने दम घेतला, गळ्याच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला. आवाज तेवढाच.

पोरगी आईच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने आईचा हात ओढला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, मोठ्याने म्हण. बाबा इथे नाहीयेत."

बाई हसल्या आणि पुढची ओळ पोरीलाच म्हणायला सांगितली. तिने ती म्हटली, त्याच्या पुढचीही म्हटली. बहीण तिच्याबरोबर नुसते ओठ हलवत राहिली.